स्प्रेचा डबा गार का पडतो?

जुन्या पिकअपच्या दारावर स्प्रेच्या डब्याने रंग मारायला घ्या. थोड्याच वेळात डबा हाताला गार लागतो. आत रंगासोबत दाबाखाली द्रवरूप झालेला वायू असतो. बटण दाबलं की तो उकळू लागतो आणि त्यासाठी लागणारी उष्णता डब्यातूनच ओढतो. डबा गारठला की दाब घटतो, तुषार जाड होतात. म्हणून दोन डबे आलटूनपालटून वापरावेत. आतली खुळखुळणारी गोळी तळाशी बसलेला रंग ढवळते, तेव्हा हलवण्याचा कंटाळा नको.

रंगाच्या स्प्रेचा हा डबा १९४९ साली अमेरिकेत एडवर्ड सेमूर यांनी काढला. कल्पना मात्र त्यांच्या पत्नी बॉनी यांची!

खरी मेहनत रंगाआधीची. गंज पॉलिश पेपरने घासून प्रायमर मारला नाही, तर महागडा रंगही फुगतो आणि त्याचे पापुद्रे सुटतात. डबा वीतभर लांब धरा. जवळून मारलात तर ओघळ, फार लांबून मारलात तर थेंब वाटेतच सुकून खरखरीत थर.

पावसाळ्यात हा उद्योग नकोच. थिनर उडताना पत्रा थंडावतो, हवेतलं बाष्प ओल्या रंगावर धरतं आणि चकाकीऐवजी पांढरट झाक उरते.