सापळा कोणी रिकामा करायचा?

आमच्या नाहूरच्या वस्तीतील विहारात एक लोखंडी कपाट आहे. त्यात बाबासाहेबांचे खंड, अण्णाभाऊंच्या कादंबऱ्या आणि या त्रैमासिकासारख्या नियतकालिकांचे जुने अंक आहेत. कपाटाचे खालचे दार गंजून वाकले आहे. मागच्या पावसाळ्यात त्या फटीतून उंदरांनी खालचा कप्पा कुरतडला. अभ्यासवर्गातली पोरे माझ्याकडे आली. "काका, तुम्ही टर्नर होता. एक पिंजरा करून द्या ना." मी म्हटले, करू. चार तारा, एक दार, एक खटका. त्यात काय मोठे! या एका कामात माझे तीन महिने गेले. त्यात जे कळले ते निम्मे लोखंडाविषयी होते आणि निम्मे आपल्याविषयी, म्हणून हे लिहितो आहे. मी लेखक नव्हे. मुलुंड-भांडुपच्या पट्ट्यातल्या एका कारखान्यात लेथवर उभा राहून माझी हयात गेली. तो कारखाना आता राहिला नाही. त्याच्या आसपास उंच इमारती झाल्या, आणि २००६ साली नाहूरला रेल्वे स्थानक झाल्यावर तर इथला भाव विचारायची सोय राहिली नाही.

सापळा करणाऱ्याने आधी प्राणी ओळखावा. आपण सरसकट 'उंदीर' म्हणतो, पण मुंबईत निदान चार निराळे प्राणी आहेत. घरउंदीर अंगाने सडपातळ, शेपूट अंगापेक्षा लांब. तो तारेवरून, पाइपवरून वर चढतो. नॉर्वे उंदीर जाडजूड, आखूड शेपटीचा, गटाराकाठी राहणारा. घूस जमीन पोखरते, पाया उकरते. आणि उंदरी, म्हणजे लहानगा घरातला उंदीर, तिला पाव इंचाची फट पुरते. चिचुंद्री यांत धरायची नाही. ती उंदराच्या कुळातली नव्हेच. ती झुरळे, किडे खाते आणि पुस्तकाला तोंड लावत नाही. हे मला पुस्तकात नव्हे, पहिल्याच रात्री पिंजऱ्यात कळले. मी आमिष म्हणून सुका बोंबील लावला होता. (विहारात बोंबलाचा वास सुटला म्हणून दोन ज्येष्ठ उपासकांनी मला बोल लावले, ते वेगळेच.) सकाळी आत चिचुंद्री चिरचिरत होती. तिला सोडून दिली आणि बोंबलाऐवजी खोबरे आणि कुटलेले शेंगदाणे लावू लागलो.

पुढे चार रात्री काहीच नाही. उंदीर नव्या वस्तूला भितो. काल जी वस्तू तिथे नव्हती ती आज दिसली की तो तिला वळसा घालतो. म्हणून पिंजरा आधी तीन-चार दिवस खटका न लावता, दार बांधून, नुसता खाऊ घालून ठेवावा. त्याचा धाक गेला की मग खटका लावावा. दुसरी गोष्ट, उंदीर मोकळ्या जागेतून जात नाही. मिशा भिंतीला लावून कडेकडेने जातो. आम्ही पिंजरा खोलीच्या मध्यावर ठेवला होता, म्हणजे आपल्याला दिसावा तसा, त्याला सापडावा तसा नव्हे. तोंड भिंतीला समांतर करून ठेवला तेव्हा कुठे काम सुरू झाले.

मापांचे म्हणाल तर माझा पहिला पिंजरा बारा इंच लांब होता. उंदीर आत गेला, खटका सुटला, दार पडले ते त्याच्या शेपटीवर; फट राहिली आणि तो मागच्या मागे निसटला. मग लांबी अठरा इंच केली आणि खटक्याची पट्टी मागच्या तिसऱ्या हिश्श्यात नेली, म्हणजे पट्टीवर पाय पडेपर्यंत शेपटीसकट सगळा प्राणी आत येतो. दार पडले की वरून एक आडवी तार आपल्या वजनाने खाली घसरून त्याला अडकवते. ती नसेल तर उंदीर नाकाने दार उचलतो. जाळी पाऊण इंची होती, ती अर्धा इंची घेतली. बिजागरी पावसाळ्यात गंजते, तिला दर आठवड्याला तेलाचा थेंब. एवढे केले की पिंजरा चालतो.

पण हे ज्ञान काही माझे नव्हे, आणि कारखान्याचेही नव्हे. बाजारात एकाच वेळी अनेक उंदीर धरणारा एक पिंजरा मिळतो. त्याच्या तोंडाशी तारांचे नरसाळे असते, टोके आत वळलेली. जाताना तारा बाजूला सरतात, येताना टोचतात. मी तो हातात घेतला आणि मला बुरूडआळी आठवली. ओढ्याच्या धारेत लावायचे बांबूचे मासे धरण्याचे सापळे याच तत्त्वावर असतात: कामट्यांचे निमुळते तोंड, आत जायला मऊ, बाहेर यायला बंद. ही युक्ती कुणा इंजिनियरने शोधलेली नाही. ज्यांच्या हाताला ती होती त्यांना गावाने सूप-टोपली विणणारे म्हणून वेशीजवळ बसवले. फासेपारध्यांच्या तर नावातच फास आहे. कोणत्या पाखराला कोणत्या उंचीवर फास लावायचा, कोणत्या गवतात लावायचा, हे शास्त्र त्यांच्या पिढ्यांनी जपले. आणि इंग्रजांच्या १८७१ च्या कायद्याने सुरू झालेल्या व्यवस्थेत जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरल्या. १९५२ साली तो शिक्का कागदावरून गेला. अमेरिकेत १८९४ साली विल्यम हूकर याने स्प्रिंगच्या चापाचे पेटंट घेतले, त्याचे नाव इतिहासात आहे. नरसाळ्याचे पेटंट कुणाच्या नावावर नाही.

आता मूळ गोष्ट. एका सकाळी विहारातल्या पिंजऱ्यात चांगला थोराड उंदीर सापडला. पोरे जमली, मोबाइलवर फोटो काढले. मग प्रश्न आला, याचे करायचे काय? सगळे एकमेकांकडे पाहू लागले. त्यांतला एक, कॉलेजात समाजशास्त्र शिकणारा, सहज म्हणाला, "झाडूवाल्या मावशींना बोलवू ना."

मावशी आल्या. त्या जालन्याकडच्या, मातंग समाजाच्या. आमच्या गल्लीत आणि पलीकडच्या टॉवरमध्ये ठेकेदारामार्फत सफाई करतात. त्यांनी काही न विचारता पिंजरा उचलला. मी त्यांना थांबवले, तर म्हणाल्या, "दादा, ह्यो बराय. तिकडं टावरात पुठ्ठ्याला चिकटलेला देत्यात. जिता असतो. पाय तुटस्तवर वढतो. म्या काय करावं त्याचं?" आणि त्यांनी तळहात दाखवला. त्या पुठ्ठ्याचा गोंद हाताला लागला की पाण्याने निघत नाही; त्यांनी रॉकेल लावून, दगडाने घासून कातडी सोलून घेतली होती. (खाण्याचे तेल चोळले की हा गोंद सुटतो. हे त्यांना कुणी सांगितले नव्हते. मीही त्या दिवशीच सांगितले.)

ज्या विहारात आपण रोज समतेचे पाठ देतो तिथे बोलावण्याचे नाव चटकन कुणाचे आले, हे मला विसरता आले नाही. पोरगा वाईट नाही. त्याच्या आजोबांनी गावात ढोरे ओढली होती.

हा चिकट कागद या शहराला नवा नाही, त्याची हकीकत कार्यकर्त्यांनी जाणून घेण्यासारखी आहे. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवीत डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. सरकारने त्याचे खापर गरिबाच्या खोलीवर, त्याच्या घामावर, त्याच्या चिंध्यांवर फोडले; घरे धुतली, सामान जाळले, माणसे ओढून नेली. त्याच ऑक्टोबरात महापालिकेचे आयुक्त स्नो यांना एकच धास्ती पडली होती, ती हलालखोर शहर सोडून जातील याची, कारण ते गेले तर मुंबईत कुणाला राहता येणार नव्हते. १८९८ साली पॉल-लुई सिमों याने कराचीत उंदराची पिसू हे कारण सांगितले, तेव्हा कुणी फारसे ऐकले नाही. पुढे १९०५ पासून प्लेग आयोगाच्या शास्त्रज्ञांनी मुंबईत एक प्रयोग केला. प्लेगच्या घरात दोन पिंजरे ठेवायचे, दोन्हींत गिनीपिग. एकाभोवती सहा इंच रुंद चिकट कागदाचा वेढा, दुसऱ्याभोवती नाही. पिसूला तेवढी लांब उडी मारता येत नाही. वेढ्याबाहेरचे काही गिनीपिग प्लेगने मेले, वेढ्यातला एकही नाही. आणि कागदावर पिसवा चिकटलेल्या सापडल्या. हवा तीच, खोली तीच, जमीन तीच. म्हणजे एका सापळ्याने सिद्ध केले की दोष खोलीत राहणाऱ्याचा नव्हता. तोच चिकट कागद आज वीस मजली इमारतीत जिवंत उंदीर मावशींच्या हातात देतो.

उंदीर मारण्याचे काम कोण करते, हेही पाहावे. मुंबई महापालिका रात्रपाळीला उंदीर मारणारे नेमते: एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात काठी, आणि रात्रीला तीस उंदरांचे उद्दिष्ट. सकाळी मेलेले उंदीर मोजून द्यायचे. उंदराच्या मुतातून लेप्टोचा ताप येतो. २००५ च्या २६ जुलैच्या पुरानंतर या शहराने तो चांगला पाहिला. पायाला भेग असली तरी पुरे होते. विष घातले तर उंदीर बिळात, माळ्यावर, पाइपमागे मरतो, आणि तिसऱ्या दिवशी वास सुटला की तो शोधायला पुन्हा तेच हात लागतात.

तमिळनाडूत इरुळ नावाची आदिवासी जमात शेतातले उंदीर धरण्यात निष्णात आहे. ते मडक्यात काडीकचरा पेटवून बिळाच्या तोंडाशी धरीत आणि मडक्याच्या भोकाला तोंड लावून धूर आत फुंकीत. ओठ भाजत, धूर छातीत जाई. त्यांच्यात काम करणाऱ्या एका संस्थेने पोलादी भांडे करून त्याला हाताने फिरवायचा पंखा जोडला, आणि २००३ साली त्या कल्पनेला जागतिक बँकेच्या स्पर्धेत बक्षीस मिळाले. यातली पंख्याची युक्ती काही फार मोठी नव्हे. लोहाराच्या भात्यात ती आहेच. इतकी वर्षे उंदराचा विचार करणारे पुष्कळ होते, फुंकणाऱ्याच्या ओठांचा विचार कुणी केला नव्हता, एवढेच.

हे मी अभ्यासवर्गात सांगितले तेव्हा एका मुलीने मला अडवले. म्हणाली, "काका, १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी मेलेली ढोरे ओढू नका म्हणून सांगितले. ढोर ओढायला चांगला दोर देतो असे म्हणाले नाहीत. तुम्ही मावशींसाठी चांगला पिंजरा करणार म्हणजे मावशी पिंजराच उचलत राहणार." मला उत्तर सुचले नाही. तिचे म्हणणे बरोबर होते. हातमोजे द्या, लांब चिमटा द्या, या सगळ्या सुधारणा मी मावशींच्या हातासाठी योजत होतो. म्हणजे काम त्यांचेच, हे मीही धरून चाललो होतो.

मग मी उलट बाजूने सुरुवात केली. ज्याच्या घरात उंदीर, त्याला स्वतःला रिकामा करता आला पाहिजे, किळस हे निमित्त त्याच्याजवळ उरता कामा नये. पत्र्याचे अठरा इंची बोगद्यासारखे घर केले, दोन्ही बाजूंना तोंड, कारण उंदराला पलीकडचा उजेड दिसला की तो निर्धास्त शिरतो. आत मधोमध चाप, ताकदीचा, म्हणजे मानेवर बसून जागच्या जागी काम होईल. पाण्यात बुडवून तडफडवणे मला पसंत नाही. चाप आत असल्याने लहान मुलांची बोटे, मांजरे सुरक्षित. वर अडीच फुटांची दांडी, तिच्या मुठीत सायकलच्या ब्रेकसारखा खटका. दांडी धरून घर उचलायचे, जाड पिशवीवर धरायचे, खटका दाबायचा. चाप उघडतो, खालची झडप पडते, उंदीर पिशवीत. हात लागत नाही, बघावेही लागत नाही. शेवटी गरम पाणी आणि फिनेल. अर्थात कचऱ्याचे डबे उघडे ठेवले आणि बिळे काचेचे तुकडे घालून सिमेंटने बुजवली नाहीत तर असे शंभर सापळेही कमीच पडतील. मादी तीन आठवड्यांत वितेच.

विहारात आता पोरांनी पाळी लावली आहे. पहिली पाळी त्या समाजशास्त्रवाल्याची होती. त्याने डोळे मिटून खटका दाबला, पण दाबला.

अशी सात घरे मी केली आणि पाच टॉवरला दिली. सेक्रेटरींनी उलटसुलट करून पाहिली, कारागिरीचे कौतुक केले आणि विचारले, "चांगलं आहे, पण हे रिकामं कोण करणार?" मी दांडी त्यांच्या हातात दिली. तिसऱ्या मजल्यावरच्या एक निवृत्त शिक्षिका स्वतः रिकामे करतात. त्यांना खटका जड जातो म्हणून मी त्याची तरफ लांब करून देणार आहे. दोन घरांचे काय झाले ते कळले नाही. उरलेली दोन परवा मावशींच्या कचऱ्याच्या गाडीला लटकलेली दिसली, आतल्या उंदरांसकट.

त्या म्हणाल्या, "दादा, दांडी लय चांगली केलीया. धरायला सोपी पडती."