शेण जाळू नका, शेणातील वायू जाळा

दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील कल्याणच्या लष्करी छावणीत १९४७ नंतर सिंधमधील निर्वासित येऊन वसले आणि १९४९ साली या वसाहतीस उल्हासनगर हे नाव मिळाले. तिच्या कॅम्प ५ ची दाट वस्ती मागे टाकून नेवाळीच्या बाजूस वळले, म्हणजे मलंगगडाच्या पायथ्याकडे आजही भातखाचरे दृष्टीस पडतात. शहरातील चुलीस टाकीतला गॅस लागतो आणि देशाच्या गरजेपैकी निम्म्याहून अधिक गॅस परदेशातून येतो. गावात मात्र शेतकऱ्याच्या गोठ्यातील शेण दोन वेळा जळते : एकदा गोवरी होऊन चुलीत व दुसऱ्यांदा उन्हाळ्यात राब भाजताना.

या जळण्यात नुकसान कोणते, हे नीट समजून घेतले पाहिजे. शेणातील नत्र धुरावाटे निघून जाते. हाती उरते ती राख. शिवाय साध्या चुलीत गोवरीच्या उष्णतेचा सुमारे दहावा हिस्साच भांड्यास लागतो. बाकीचा धूर घरधनिणीच्या डोळ्यांत व छातीत जातो.

हेच शेण हवाबंद खड्ड्यात कुजविले, तर सूक्ष्म जंतूंच्या क्रियेने त्यातील कर्बाचा काही भाग मिथेन वायूच्या रूपाने बाहेर पडतो. नत्र मात्र मळीत शिल्लक राहते. म्हणजे जळणही मिळते आणि खतही हातचे जात नाही.

ही विद्या आपणांस परकी नाही. १८९७ साली मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरुग्णालयात मैल्यापासून असा वायू तयार करण्यात आला होता. पुढे १९५१ च्या सुमारास जशभाई पटेल यांनी तरंगत्या टाकीचे संयंत्र सिद्ध केले. खादी व ग्रामोद्योग आयोगाने १९६२ च्या सुमारास त्याचा प्रसार हाती घेतला. १९८४ साली विटांच्या स्थिर घुमटाचे, कमी खर्चाचे ‘दीनबंधू’ संयंत्र पुढे आले.

हिशेब सोपा आहे. एक घनमीटर वायूसाठी रोज सुमारे २५ किलो ताजे शेण व तितकेच पाणी लागते. दोन घनमीटरच्या संयंत्रास चार-पाच जनावरांचे शेण पुरते आणि त्यावर लहान कुटुंबाचा स्वयंपाक होतो. अशा संयंत्राचा सोळा-सतरा दिवसांचा वायू १४.२ किलोच्या एका टाकीइतके काम देतो.

बाहेर येणारी मळी खड्ड्यात सुकवून अथवा पालापाचोळ्याबरोबर कुजवून वापरावी. भाताच्या रोपासाठी राब न भाजता १ ते १.२ मीटर रुंद व ८ ते १० सेंटिमीटर उंच गादीवाफे करून त्यांत ही मळी मिसळावी. राब भाजल्याने तणाचे बी मरते, हा शेतकऱ्यांचा अनुभव खोटा नाही. म्हणून गादीवाफ्यावर वेळीच तण काढण्याची दक्षता घ्यावी.

आता एक गोष्ट स्पष्ट सांगणे अगत्याचे आहे. गावोगावी बांधलेली कित्येक संयंत्रे पुढे बंद पडली. शेणकाला रोज न घालणे, नळीत साचलेले पाणी न काढणे, घुमटास पडलेली भेग तशीच ठेवणे ही त्याची नेहमीची कारणे होत. शहरालगतच्या गावांत आणखी एक कारण आहे. जमिनी विकल्या जातात, गुरे कमी होतात आणि मोठे संयंत्र उपाशी राहते. यास्तव ग्रामसेवकाने शिफारस करण्यापूर्वी गोठ्यातील जनावरे स्वतः मोजावीत. दोनच जनावरे असतील, तर दोन घनमीटरचा आग्रह धरू नये. शेण पुरेल एवढेच लहान संयंत्र सुचवावे किंवा शेजाऱ्याचे शेण नियमित मिळेल याची खात्री करावी. संयंत्र बांधून झाल्यावरही निदान पहिल्या पावसाळ्यापर्यंत अधूनमधून भेट द्यावी.

घरातील स्त्रीस झडप उघडणे, शेगडी पेटविणे व पाणी काढणे हे तिच्याच चुलीपाशी करून दाखवावे. संयंत्र नांदते राहणे शेवटी तिच्याच हाती असते.