पंखा बंद पडला : टाकावा कीं दुरुस्त करावा?

वैशाखाचा ताव चढूं लागला, कीं घरांतील पंख्याचें मोल कळतें. गेल्या उन्हाळ्यांत आमच्या घरीं वडील मंडळींच्या खोलींतील पंखा ऐन दुपारीं नुसता गुणगुणूं लागला; फिरेना. तरुण मंडळींनीं तत्काळ नवा आणण्याचा ठराव केला. तीर्थरूपांनीं मात्र, "आधीं रोग ओळखा, मग औषध," असें बजाविलें. शेवटीं शिवाजी उद्यमनगरांतील एका वृद्ध मेस्त्रींस बोलाविलें. त्यांच्यापासून जें शिकलों, तें वाचकांपुढें ठेवीत आहों.

छताच्या पंख्याच्या मोटारींत तारेचीं दोन वेटोळीं असतात. एकट्या वेटोळ्याच्या बळावर मोटार जागची हलत नाहीं. दोहोंतील प्रवाह एकमेकांच्या मागेंपुढें असले, तरच फिरतें चुंबकक्षेत्र निर्माण होतें. हें काम कंडेन्सर करतो. खोली थंड करणाऱ्या यंत्रांतील पंख्याची मोटारही पुष्कळदां याच जातीची असते.

प्रथम बटण बंद करून पातें हातानें फिरवावें. तें अडखळलें वा खरखरलें, तर बेअरिंग झिजलें असें समजावें. पातें सहज फिरतें, परंतु वीज देतांच पंखा नुसता गुणगुणतो, आणि कोरड्या लाकडी काठीनें किंचित् ढकलतांच चालूं लागतो, तर दोष बहुधा कंडेन्सरचा. करपल्याचा वास आला, तर वेटोळें जळालें.

आमच्या पंख्याचा कंडेन्सरच गेला होता. नवा घेतांना जुन्यावरील आंकडा, बहुधा २.५ मायक्रोफॅरड, तंतोतंत जुळवावा. वीज तोडल्यावरही त्यांत भार शिल्लक राहूं शकतो. म्हणून मुख्य खटका बंद करून हें काम जाणत्याच्याच हातून करवावें.

वेटोळें जळालें असल्यास मात्र हिशेब मांडावा. जुना पंखा सुमारें ७५ वॅट वीज खातो. नवा बीएलडीसी पंखा सुमारें ३०. रोज दहा तास चालल्यास महिन्यास साडेतेरा युनिटें वांचतात. १ जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यांवर तारांकित पट्टी सक्तीची झाली आहे. ती पाहूनच खरेदी करावी.

१९१८ च्या सुमारास बाबूराव पेंटरांनीं चित्रपटाचा कॅमेरा याच कोल्हापुरांत घडविला. अशा नगरींतील मुलांस मोडलेली वस्तु टाकण्यापूर्वीं उघडून पाहण्याची संवय असावी, एवढेंच आमचें मागणें आहे. तीर्थरूपांच्या खोलींतील पंखा अद्याप उत्तम चालत आहे.