वेटिंगचं तिकीट आणि ४५ पैशांचा विमा

परीक्षा, मुलाखत, नाताळची सुट्टी, कारण काहीही असो, बेळगावहून पुण्याला जायचं म्हटलं की पहिला प्रश्न येतो, "तिकीट कन्फर्म आहे काय?" त्यावर, "वेटिंग आहे, पण विमा काढलाय की!" असं उत्तर मी बऱ्याचदा ऐकतो. मित्रमैत्रिणींनो, या उत्तरावर विसंबून राहू नका.

आयआरसीटीसीवर ई-तिकीट काढताना विम्याचा पर्याय येतो. माणशी ४५ पैसे. रेल्वे अपघातात मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर १० लाख रुपये, अंशतः कायमचं अपंगत्व आलं तर साडेसात लाखांपर्यंत, आणि दवाखान्याच्या खर्चासाठी २ लाखांपर्यंत भरपाई मिळते. ४५ पैशांत हे खरंच चांगलं आहे. विमा जरूर घ्या, आणि नंतर विमा कंपनीकडून येणाऱ्या लिंकवर वारसदाराचं नाव तेवढं भरा.

पण हा विमा फक्त अपघाताचा आहे. गाडी रद्द झाली, उशिरा पोचली, पेपर बुडाला, तर त्यातून एक पैसाही मिळत नाही. शिवाय तो कन्फर्म आणि आरएसी तिकिटालाच लागू होतो. वेटिंगवाल्याला त्याचा उपयोग शून्य.

मग वेटिंग कसं वाचायचं? नुसता आकडा बघू नका, त्याच्या आधीची अक्षरं बघा. 'जीएनडब्ल्यूएल' म्हणजे सर्वसाधारण यादी. ती सर्वांत लवकर सरकते. 'पीक्यूडब्ल्यूएल' आणि 'आरएलडब्ल्यूएल' या मधल्या स्टेशनांच्या याद्या. त्यांचा कोटा लहान. गोवा एक्स्प्रेस वास्कोहून निघते, आपण मध्येच बेळगावला चढतो आणि पुण्यात उतरतो. अशा मधल्या प्रवासाला बहुधा या छोट्या याद्याच वाट्याला येतात. त्यामुळे तिथलं १० वेटिंग सर्वसाधारण यादीतल्या ३० पेक्षाही अवघड ठरू शकतं.

चार्ट लागल्यावर आरएसी राहिलं तर गाडीत चढता येतं, बसायला जागा मिळते. ई-तिकीट पूर्ण वेटिंगवरच राहिलं तर ते आपोआप रद्द होतं आणि शुल्क कापून पैसे परत येतात. त्या तिकिटावर डब्यात चढलात तर विनातिकीट ठरता.

तिकीट कन्फर्म आहे, पण गाडीच तीन तासांपेक्षा जास्त उशिरा आहे आणि जायचं रद्द केलंय? मग गाडी प्रत्यक्ष सुटण्याआधी ऑनलाइन टीडीआर भरा. पूर्ण पैसे मिळतात. गाडी सुटल्यावर भरलात तर हा हक्क जातो.

"नाहीतर एसटी आहेच" असंही आपण म्हणतो. पण सीमाभागात तेही गृहीत धरता येत नाही. डिसेंबर २०२२ आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये वातावरण तापलं, तेव्हा महाराष्ट्राच्या एसटी गाड्या कर्नाटकात यायच्या थांबल्या होत्या.

म्हणून माझा हिशेब साधा आहे. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. तारीख कळली की त्याच दिवशी तिकीट काढायचं. वेटिंग लागलं तर आदल्या दिवशी तत्काळचा प्रयत्न करायचा: एसीसाठी सकाळी १० वाजता, स्लीपरसाठी ११ वाजता. तेही जमलं नाही तर चार्टची वाट न बघता बसचं तिकीट काढायचं. आणि परीक्षा असेल तर एक दिवस आधीच पोचायचं. पुण्यात एक रात्र कुणाकडे तरी काढता येते. बुडालेला पेपर मात्र कुठलीच विमा कंपनी भरून देत नाही.