ब्रॅकेट शाबूत, पाइप फाटला!

'बाहा' म्हणजे स्वतः बनवलेली बग्गी खाचखळग्यांतून पळवायची स्पर्धा. भारतात ती २००७ साली पिथमपूरला सुरू झाली. आमच्या बग्गीचं पुढचं चाक मात्र मालवणजवळच्या सड्यावर, पहिल्याच ट्रायलला आडवं झालं. सस्पेन्शनचं ब्रॅकेट शाबूत, वेल्ड शाबूत. वेल्डच्या कडेला पाइप फाटलेला. ड्रायव्हर थोडक्यात वाचला.

ब्रॅकेटची पट्टी ४ मिमी, पाइपची भिंत जेमतेम १.६. दोन्हींना सारखी उष्णता दिली तर पाइपला भोक पडतं. म्हणून आर्क पट्टीवर धरायचा आणि वितळलेला धातू पाइपवर आणायचा. एवढं आम्हाला जमलं होतं. पण खरी गोम पुढेच आहे. वेल्डच्या कडेला जाडी एकदम बदलते, प्रत्येक धक्क्याचा ताण तिथेच एकवटतो आणि बारीक तडा वाढत जातो. आम्ही तर 'मजबुतीसाठी' पाइपभोवती गोल वेल्ड मारला होता! म्हणजे तड्याला रेघच आखून दिली. आता ब्रॅकेट पाइपांच्या सांध्याजवळ घेतो, खाली पाइपच्या गोलाईची २ मिमीची पट्टी देतो आणि वेल्ड शक्यतो पाइपच्या लांबीने मारतो.

आपल्याकडे खाऱ्या हवेने पाइप लगेच गंजतो. तो चकचकीत घासल्याशिवाय टाका मारू नका. आणि वाऱ्याने मिगचा गॅस उडून वेल्डला छिद्रं पडतात, तेव्हा शटर ओढून घ्या. उकडेल, पण इलाज नाही.