रत्नागिरीतला ब्रह्मी संसार
समुद्राचे वारेही न लागणाऱ्या रेणापुरात राहून मला ज्या परदेशस्थ कुटुंबाचे विलक्षण कुतूहल वाटते, ते ब्रह्मदेशच्या थिबा राजाचे होय. १८८५ साली पदच्युत होऊन १८८६ पासून १९१६ मधील मृत्यूपर्यंत रत्नागिरीत नजरकैदेत राहिलेल्या या राजाला सरकारी तनखा पुरेना, म्हणून जवळची माणके विकावी लागत आणि वाढीव रकमेसाठी दरखास्तींवर दरखास्ती धाडाव्या लागत. धाकटी राजकन्या तर तेथेच जन्मली. १९१० मध्ये प्रशस्त राजवाडा मिळाला खरा, पण फार उशिरा! १९१९ साली कुटुंब मायदेशी परतले; थोरली राजकन्या मात्र फिरून रत्नागिरीसच आली, आणि तिची कन्या टूटू मराठी बोलत तेथेच वृद्ध झाली. कोकणात जाल तेव्हा तो राजवाडा अवश्य पाहा.