जावई चालतो, जोडीदार नाही

मांजरी बुद्रुक २०२१ मध्ये पुणे महापालिकेत आले. ऊस आणि द्राक्ष संशोधनाच्या संस्थांमुळे माहीत असलेल्या या गावात आता गृहसंकुले आहेत. समजा, तिथे दोन पुरुषांनी किंवा दोन स्त्रियांनी, जोडपे म्हणून राहायला, मिळून फ्लॅट घेतला. त्याला कायद्याची आडकाठी नाही. दोन परक्या माणसांनाही एकत्र खरेदी करता येते. खरी अडचण एक जण गेल्यावर येते.

मृत्युपत्र नसेल तर त्याचा अर्धा हिस्सा हिंदू वारसा कायद्याने आई, वडील, भावंडे असा नात्यानात्यांतून फिरतो. कोणीच नातलग उरला नाही, तर सरकारजमा होतो. वीस वर्षे हप्ते भरलेल्या जोडीदाराचे नाव या यादीत कुठेच नाही. नॉमिनी केले म्हणून भागत नाही, कारण सोसायटी त्याला वारस येईपर्यंत तात्पुरता सभासद करते, एवढेच. केंद्राने ऑगस्ट २०२४ मध्ये समलिंगी जोडीदारांना संयुक्त बँक खाते आणि नामनिर्देशनाची मुभा असल्याचे स्पष्ट केले. ते बरेच झाले. पण नामनिर्देशन म्हणजे वारसा नव्हे.

हा पेच लग्नाने सुटला असता. १७ ऑक्टोबर २०२३ ला समलिंगी विवाहाच्या याचिकांवर सर्वोच्च न्यायालयाच्या पाचही न्यायमूर्तींनी लग्न हा मूलभूत हक्क नाही असे ठरवले. निदान नात्याला तरी मान्यता द्यावी का, यावर ३ विरुद्ध २ अशी फूट पडली. सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड आणि न्या. संजय किशन कौल अल्पमतात राहिले. विषय संसदेवर सोडला गेला. संसदेत शेजारच्या बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी २०२२ मध्येच विशेष विवाह कायद्यात दुरुस्तीचे खासगी विधेयक मांडले होते. खासगी विधेयकांचे होते तेच त्याचे झाले. जानेवारी २०२५ मध्ये फेरविचार याचिकाही फेटाळल्या गेल्या.

मूळ याचिकांच्या सुनावणीदरम्यान केंद्राने राज्यांची मते मागवली, तेव्हा राजस्थान, आसाम आणि आंध्राने विरोध कळवला. महाराष्ट्राने वेळ मागितला. संस्कृतीचा मुद्दा काढून विरोध करणाऱ्यांशी वाद तरी घालता येतो. वेळ मागणाऱ्याशी काय बोलणार?

आणि इथे दिल्लीची वाट पाहण्याचे कारणच नाही. सहकारी संस्था हा राज्याचा विषय. २०१९ मध्ये विधिमंडळाने गृहनिर्माण सोसायट्यांसाठी सहकार कायद्यात स्वतंत्र प्रकरण घातले. समलिंगी संबंध गुन्हा नाहीत असे सांगणारा कलम ३७७ चा निकाल तेव्हा जेमतेम सहा महिन्यांपूर्वीचा होता. कायद्याच्या या नव्या प्रकरणात सभासदाच्या संमतीने त्याचे हक्क बजावणारा 'सहयोगी सभासद' कोण, याची यादी आहे: पती, पत्नी, आईवडील, भाऊ, बहीण, मुले, जावई, सून, पुतण्या-भाचा, पुतणी-भाची. जावयाला सर्वसाधारण सभेत पाठवता येते, सोबत राहणाऱ्या, पण सहमालक नसलेल्या जोडीदाराला नाही. मुद्रांक शुल्काचेही तेच. राहते घर नवऱ्याने बायकोला बक्षीस दिले तर मूळ शुल्क २०० रुपये. समलिंगी जोडीदाराला दिले तर खरेदीखताच्या दराने.

लग्नाची व्याख्या न बदलता या दोन्ही याद्यांत 'सभासदाने जाहीर केलेली सहनिवासी व्यक्ती' असे शब्द घालता येतील. म्हाताऱ्या मैत्रिणी, अविवाहित मावशी सांभाळणारी शेजारीण, अशांनाही त्याचा उपयोग होईल. वारशासाठी मात्र दोन साक्षीदारांसमोर मृत्युपत्र करणे हाच उपाय. नोंदणी सक्तीची नाही. पण पुढे भाऊबंद कोर्टात गेलेच, तर नोंदवलेले मृत्युपत्र तग धरण्याची शक्यता जास्त.